पेवाचं तोंड

हर्षाली लहान असताना येळवशीला तिचं एक काम ठरलेलं असायचं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव कुलपं लावून रानात जेवायला जायचं. अंबिलीचं बिंदगं, म्हणजे नवं कोरं मडकं, डोक्यावर घेऊन तिचे वडील, तात्या, पुढं चालायचे आणि हर्षाली मागं. मडक्यावर चुन्याची बोटं ओढलेली, तोंडात हरभऱ्याचा डहाळा खोचलेला आणि तात्यांच्या डोक्यावरनं पाठीवर उतरलेलं काळं घोंगडं. घरातनं निघालं की शेतातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत, म्हणजे खोपटापर्यंत, बिंदगं कुठं टेकवायचं नाही. ज्याच्या डोक्यावर ते असेल त्यानं मागं वळूनही बघायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून ओढ्यापाशी, मग बोरीपाशी, मग माळाच्या चढावर तात्या न वळताच विचारायचे, "हर्षे, सांडलं का गं?"

घोंगड्यावरनं एक पांढरा ओघळ तात्यांच्या मानेकडं निघालेला असायचा. ती म्हणायची, "न्हाय तात्या."

त्या ओघळाचा आंबट, लसणाचा वास तिला अजून आठवायचा. लग्न होऊन येरमाळ्याला गेली, नवऱ्याच्या, रणधीरच्या, हायवेवरच्या दुकानात बसायला लागली, तरी थंडी पडली की तो वास कुठनंतरी यायचाच. यंदा दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती, लोहाऱ्याच्या अलीकडच्या आपल्या गावी. बाळ पाळण्यात, चार वर्षांची अश्लेषा अंगणात. येळवस माहेरीच पडणार म्हणून ती मनातनं सुखावली होती. पण आल्यावर कळलं, गेली दोन वर्षं बिंदगं तात्यांच्या डोक्यावर नव्हतंच. चुलतभाऊ बजरंग ते मोटरसायकलवर, पुढं टाकीवर धरून नेत होता.

तात्यांचं पोट सुटलं होतं. ओढ्याचा उतार उतरला की पुढच्या चढाला धाप लागायची. धाराशिवच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, यकृतावर चरबी चढलीय, साखर अजून काठावर आहे, गोळीवर जायच्या आधी खाणं बदलून बघू. भाकरी, भात, पोळी, साखर काही दिवस बंद. अंडी, मटण, तूप, लोणी, दही, पालेभाज्या चालतील. पाणी आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही, आणि तपासायला येत राहायचं.

तात्यांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की येळवशीचं बिंदगं यंदा मीच नेणार. तात्यांचा, म्हणजे श्रीमंतरावांचा, शब्द म्हणजे शब्द, गावाला ठाऊक होतं. बजरंगनं हसून मोटरसायकलची किल्ली काकांच्या पुढ्यात ठेवली होती.

मग घरात एक गंमतच सुरू झाली. एका ताटात बाळंतिणीला बाजरीची भाकरी, शेपू, डिंकाचा लाडू, वर खसखशीची खीर. दुसऱ्या ताटात तात्यांना मेथीची भाजी, दोन अंडी आणि तुपाची वाटी. तात्या लेकीच्या ताटाकडं बघायचे आणि मान वळवायचे. हर्षालीच्या आईला, अनसूयाबाईंना, ते बघवायचं नाही. ज्या घरात दाणा पिकतो त्या घरच्या मालकानं दाणा खायचा नाही, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

दिवस गेले, पण तात्यांना फरक पडेना. सकाळी डोकं जड. दुपार झाली की हातपाय गळायचे, चिडचिड व्हायची. रात्री स्वप्नात भाकरीचा पापुद्रा दिसतो म्हणायचे. थोडं वजन उतरलं आणि तिथंच अडलं. हर्षाली बी.एस्सी. झालेली. तिनं त्यांना समजावलं होतं की पहिले काही दिवस असंच होतं, अंग एका इंधनाची सवय सोडून दुसऱ्याला लागतं, मग हे थांबतं. पण ते थांबतच नव्हतं. शेवटी एका सकाळी तात्यांनी बजरंगला हाक मारली आणि येळवशीला गाडीत पेट्रोल भरून ठेव म्हणाले. एवढंच. आणि घोंगडं झटकून परत दांडीवर टाकलं.

हर्षाली आतनं ऐकत होती. बाळ दूध पीत होतं. ते घोंगडं दांडीवर पडल्याचा आवाज तिला फार लागला.

त्याच दुपारी बाळाचा डोळा लागला म्हणून ती पाण्यासाठी स्वयंपाकघरात आली. अनसूयाबाई चुलीपाशी बसून ज्वारीच्या शिजवलेल्या पिठात ताक घालून घोटत होत्या. ठेचलेला लसूण, मीठ, कोथिंबीर. मोठा तांब्या भरला आणि त्या ओसरीकडं निघाल्या.

"आई, हे कुणाला?"

"तुझ्या वडलाला. भाकर न्हाय, भात न्हाय. ताकावर तरी जगू दे की माणसाला."

"अगं, ही अंबील हाय."

"मग? अंबील काय खाणं हाय व्हय? ती तर पितेत."

हर्षाली तिथंच पाटावर टेकली. तात्यांना बारा महिने अंबील लागायची. उन्हाळा म्हणू नका, थंडी म्हणू नका. गावातली माणसं चेष्टेनं म्हणायची, श्रीमंतरावाच्या अंगात रक्त कमी अन् अंबील जास्त. पण या घरात अंबिलीला कधी कुणी जेवण म्हटलं नव्हतं. जेवायचं ते ताटात. तांब्यातलं ते पाणीच. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तात्यांनी भाकरी एक घास खाल्ली नाही, असं छातीठोक सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. दुपारी एक तांब्या, दिवेलागणीला दुसरा, हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

ओसरीवर जाऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तात्या हातातल्या तांब्याकडं बघत राहिले. ओठाला लावलेला तांब्या त्यांनी खाली ठेवला. अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. आपल्याच हातानं आपण घात केला, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. हर्षालीनं त्यांना जवळ बसवलं आणि दोघांनाही सावकाश समजावून सांगितलं.

ती म्हणाली, ज्वारीचं पीठ भाकरीत गेलं काय अन् ताकात गेलं काय, पोटात त्याची साखरच होते. यकृतात अशा साखरेचा थोडा साठा असतो, दिवसा-दोन दिवसांचा. तो असेपर्यंत अंग चरबीला फारसं हात लावत नाही. साठा संपत आला की मगच यकृत चरबी फोडायला घेतं आणि तिच्यापासनं मेंदूला चालेल असं सरपण तयार करतं. तुम्ही रोज साठा संपवत आणला आणि रोज दोन तांबे परत भरला. ना धड इकडं, ना धड तिकडं. म्हणून नुसता त्रास झाला, फळ काही मिळालं नाही.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी पेवासारखंच हाय की."

हर्षालीनं पेव कधी बघितलं नव्हतं. तात्यांनी सांगायला घेतलं तसा त्यांचा आवाज पार बदलला. ते पोरगेले असताना गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जागेत, त्यांच्या आजाचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, आतनं कडब्याचं अस्तर लावलेलं, वर दगड अन् माती. चांगल्या सालातली ज्वारी त्यात जायची आणि वरनं गाईगुरं चालायची. घरातल्या कणगीत दाणा असेपर्यंत पेवाचं नाव कुणी काढायचं नाही. कणगी रिती झाली की मग आजा कुदळ घेऊन निघायचा.

"दगड काढला की आतनं अशी गरम वाफ यायची, माणूस चक्कर येऊन पडंल. लगेच कुणी उतरायचं न्हाय. आजा कंदील दोरीला बांधून आत सोडायचा. विझला की म्हणायचा, आज न्हाय, उद्या बघू. कंदील जळत राहिला की मग गडी आत." तात्या थोडं हसले. "दाणा वर यायचा तवा ऊन ऊन असायचा. आंबूस वास. म्या मूठ भरून छातीला लावायचो."

बोलता बोलता त्यांनी तांब्या उचलून अनसूयाबाईंच्या हातात दिला. कणगी भरलेली असल्यावर पेव कोण उघडंल, एवढंच बोलले.

त्यानंतरचे दिवस खरोखर पेवाच्या तोंडाशी बसल्यासारखे गेले. साठ्याबरोबर अंगातलं पाणीही उतरतं. तात्या सारखे लघवीला जायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे. डोकं तर फडक्यानं आवळून बांधलेलं. अनसूयाबाई मिठाचं पाणी, पालेभाजीचं कढण, मटणाचा रस्सा वाट्यांनी आणून देत. रोज सकाळी तात्या पाळण्यापाशी येऊन लेकीला सांगायचे, कंदील इझला. ती म्हणायची, उद्या बघू.

एके दिवशी अनसूयाबाई आत येऊन दबक्या आवाजात हर्षालीला म्हणाल्या, यांच्या तोंडाला कसलातरी गोडसर वास येतोय, पिकून उतरलेल्या फळासारखा. या वयात हा माणूस कुठं जाऊन प्यायला बसायला लागला का? हर्षालीला हसू आवरेना. बाळ दचकून जागं झालं. तिनं सांगितलं, आई, तो चरबी जळल्याचा वास. पेवाचं तोंड उघडलं. अनसूयाबाई ओसरीवर गेल्या, नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन पुन्हा एकदा वास घेतला, आणि खात्री पटल्यावर लाजून आत आल्या.

दोन दिवसांनी तात्या सकाळीच रानात गेले आणि ऊन वर चढलं तरी परत आले नाहीत. अनसूयाबाईंनी बजरंगला पिटाळलं. तात्या करडईच्या कडेला खुरपत बसले होते. न्याहारी राहिली म्हणून तो सांगायला गेला, तर ते म्हणाले, "आरं, इसरलोच." या घरात तात्यांना न्याहारीचा विसर पडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. हळूहळू पाय हलके झाले. धाप उशिरा लागायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली, असंच चालू द्या म्हणाले. घोंगडं दांडीवरनं उतरलं आणि उन्हात पडलं.

येळवशीच्या सकाळी घर भज्जीच्या वासानं भरलं होतं. सगळ्या शेंगा, सगळ्या पालेभाज्या, वर बेसन. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर टोपल्यात बांधून झाली. बिंदग्यात रात्रीची आंबवलेली अंबील गळ्यापर्यंत. ते उचलायची वेळ आली तेव्हा मात्र अनसूयाबाईंचा धीर सुटला. बजरंगची मोटरसायकल दाराशी होती. त्यांनी अंबिलीचा पेला भरून पुढं केला.

"आवो, एक घोट तरी घ्या. पोटात काय न्हाय अन् डोक्यावर एवढं वझं."

"पोटात न्हाय," तात्या म्हणाले, "पेवात हाय."

त्यांनी चुंबळ नीट केली आणि बिंदगं डोक्यावर घेतलं.

हर्षाली बाळाला लुगड्यात गुंडाळून मागनं चालली. तिच्यापुढं अश्लेषा, आणि सगळ्यांपुढं ते घोंगडं. ओढा गेला. बोर गेली. ज्वारीला हुरड्यात यायला अजून अवकाश होता आणि हरभऱ्यावरचं दव वाळलं नव्हतं. सगळं तसंच होतं, फक्त घोंगड्याखालची पाठ अरुंद झाली होती. मधनं किती वर्षं गेली, हे तिला त्या पाठीवरनं कळलं.

माळाच्या चढावर मध्यातच तात्या थांबले.

मागनं येणाऱ्या बजरंगनं गाडी बाजूला टाकली आणि दोन्ही हात पुढं केले. अनसूयाबाईंनी पदर तोंडाशी धरला. तात्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. हर्षालीनं बजरंगला मानेनंच थांब म्हटलं. श्वास हळूहळू खाली बसला. मग न वळताच त्यांनी विचारलं,

"सांडलं का गं?"

हर्षालीचं तोंड उघडलं होतं. त्याआधीच अश्लेषा म्हणाली, "न्हाय आबा."

अश्लेषाच्या डोळ्यांदेखत एक पांढरा ओघळ घोंगड्यावरनं उतरून आबांच्या मानेवर गेलेला होता. तात्यांचे पाय पुन्हा उचलले गेले.

कोपीत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडलेले होते. बिंदगं त्यांच्यापुढं टेकलं. पूजा झाली, नैवेद्य झाला, सगळ्यांच्या हातात अंबिलीचे पेले आले. तात्यांना अनसूयाबाईंनी वेगळ्या तांब्यातनं ताक दिलं, नुसतं, मीठ घातलेलं. त्यांनी आधी बिंदग्यावर वाकून डोळे मिटून खोल वास घेतला. आंबट चांगली उतरलीय म्हणाले. मग आपलं ताक प्याले.

अश्लेषा त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि आबा, तुम्ही का पीत नाही म्हणून विचारायला लागली. तात्यांनी मानेवरनं हात फिरवला आणि तिचं बोट तिथं टेकवलं.

"म्या वाटंतच प्यालो की. तू म्हणालीस सांडलं न्हाय, मग ही मान कशानं भिजली?"

पोरगी बावरली, आईकडं बघायला लागली.

"बघू नको तिकडं," तात्या म्हणाले. "ती बी असंच म्हणायची."

हर्षालीनं बाळाला छातीशी घेतलं. कोपीच्या कडब्यातनं ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. तिनं पदराचं टोक पुढं करून वडलांची मान पुसली, आणि ते टोक तसंच मुठीत धरून बसली.