घरटी एक माणूस

"ह्या ट्रकात आपल्या आळीतली एक बी बाई कशी न्हाय वं?" सारजाबाईनं चाकावर पाय ठेवता ठेवता विचारलं.

बब्रुवाननं आधी लेकीला, तुळजाला, वर चढवलं, मग गाठोडं दिलं, मग बायकोला हात दिला. एवढ्या वेळात त्याला उत्तर सुचलं.

"लेकरं आजारी असत्याल. उन्हाळा हाय. तू बस."

ट्रक महांतप्पा आडत्याच्या दुकानासमोर उभा होता. महांतप्पाच्या मुलाचं लग्न सोलापूरला होतं आणि भूमहून वऱ्हाड निघालं होतं. कडब्यावर ताडपत्री अंथरली होती. एका कोपऱ्यात नवरदेवाच्या आत्या-मावश्या बसल्या होत्या, बाकी सगळी फेट्याटोप्यांची गर्दी. सारजा त्या बायकांच्या कडेला अंग चोरून बसली. नवं लुगडं तिनं ठेवणीतून काढलं होतं आणि त्याची घडी अजून मोडली नव्हती.

बब्रुवान भूमच्या कोर्टात पट्टेवाला होता. निजामाच्या राजवटीत नोकरीला लागला तेव्हा त्याला चपराशी म्हणत. मुलूख मुंबई राज्यात गेला तेव्हा तो शिपाई झाला आणि महाराष्ट्र झाल्यावर पट्टेवाला. नाव बदलत गेलं, बसायचं स्टूल तेच राहिलं. उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागायची, पण इमारत राखायला एक जण लागायचाच, आणि साहेबाला 'नाही' म्हणणं बब्रुवानच्या जिभेला कधी जमलं नाही. त्यामुळे सगळ्यांची सुट्टी त्याच्या जिवावर व्हायची.

सारजाला लग्न झाल्यापासून एकच हौस होती. सोलापूरचं तळं बघायचं. पाण्याच्या मधोमध देऊळ आहे आणि चहूबाजूंनी पाणी असूनही देवाचे पाय कोरडे राहतात, असं तिच्या मामीनं लहानपणी सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात बसलं होतं. माहेर सोडलं तर तिचा सगळा प्रवास म्हणजे चैतातली येरमाळ्याची यात्रा. येडाई देवीच्या पालखीमागं जायचं, रिवाजाप्रमाणं सगळ्यांबरोबर चुनखडी वेचायची आणि संध्याकाळच्या आत चुलीपुढं हजर व्हायचं. तळ्याची गोष्ट काढली की बब्रुवान म्हणायचा, पुढच्या सुट्टीत. ही पुढची सुट्टी पेटीतल्या शालूसारखी होती. असायची, पण अंगाला कधी लागायची नाही.

यंदा मात्र नवल झालं. ऐन सुट्टीच्या तोंडावर साहेबांनी सांगितलं, राखणीला दुसरा माणूस आहे, तू जा. बब्रुवान घरी आला तो उड्या मारतच. "सारजे, सोलापूरला जायाचं," असं त्यानं उंबऱ्यातूनच सांगून टाकलं. सांगून झाल्यावर त्याला खिसा आठवला. एसटीची तिकिटं, दोन दिवसांचं खाणं, उतरायची सोय, काहीच जमेना. सारजा इकडं गाठोडं बांधायला बसली होती, आणि आता माघार घेणं म्हणजे तिच्या तोंडावर पुन्हा पुढची सुट्टी फेकणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमलिंग गुरव आवतन घेऊन दारात आला. सारजा पाण्याला गेली होती.

"महांतप्पांकडं आज हळद. जेवायला चूलबंद आवतन हाय," सोमलिंगनं सांगितलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, असतील तेवढ्यांनी यायचं. "आन उद्या सोलापूरला वऱ्हाडाला मातूर घरटी एक माणूस. पोरीचा बाप गिरणीत कामाला हाय, गरीब हाय. किती माणसं यायची ते त्यानं आदीच बोलून घेतलंय."

सोमलिंग पुढच्या दाराला गेला. सारजा घागर घेऊन आली तेव्हा बब्रुवान म्हणाला, "महांतप्पांचं चूलबंद आवतन हाय. सोलापूरला बी."

हे शेवटचं त्याचं स्वतःचं होतं. एवढ्या वऱ्हाडात जास्तीची दोन माणसं कुणाला दिसतात, असं त्यानं मनाला समजावलं. त्यातलं एक तर पोरगी, तिचं पोट ते केवढं. फुकट जाणं, फुकट खाणं, आणि वर तळं. कोर्टात उभं राहून इतक्या वकिलांची भाषणं ऐकली होती, ती अशी कामी आली.

ट्रक निघायच्या आधी महांतप्पा सगळ्यांवर नजर फिरवत मागं आला. सारजा आणि तुळजावर त्याची नजर थांबली, तिथून बब्रुवानवर आली. बब्रुवान फेट्याचा शेमला नीट करू लागला.

"या वैनी," महांतप्पा म्हणाला. "पोरीला आतल्या अंगाला घ्या. वारं लागंल."

त्यानं चारचौघांत खडसावलं असतं तर बरं झालं असतं, असं बब्रुवानला वाटलं. पण बार्शी मागं पडली, वारा अंगावर यायला लागला, आणि तुळजाच्या केसांचा उडून भोपळा झाला म्हणून सारजा तोंडाला पदर लावून हसली. तिला असं हसताना त्यानं किती वर्षांत बघितलं नव्हतं. त्या हसण्यावर त्याचं खोटं सहज पचलं. वैरागला ट्रक थांबला तेव्हा तो ऐटीत उतरून सगळ्यांसाठी पाणी घेऊन आला.

सोलापुरात मुलीच्या बापाच्या चाळीपुढं मांडव होता. अक्षता पडल्या आणि पुरुषांची पंगत बसली. बब्रुवान पहिल्याच पंगतीत बसला. बुंदी झकास होती, त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून तो चाळीच्या मागं गेला. बायकांची पंगत उरकली असेल तर ऊन उतरायच्या आत तळ्यावर जायचं होतं.

मागं चुली पेटल्या होत्या. धुरात दोघी बायका बोलत होत्या.

"बोलल्यापरीस माणसं लई आल्यात. पीठ बी संपत आलं."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. माज्या पोरी सकाळधरनं उपाशी हैत. इचारायचं कुणाला? पोरीचं लगीन हाय, तोंड दाबून गप बसायचं."

दुसरी बोलली ती नवरीची आई असावी. तिच्या कपाळावर मळवट होता आणि हात राखेनं भरले होते. बब्रुवानसारख्या हिशेबी डोक्याची आणखीही माणसं ट्रकात होती, कुणी मेव्हणा आणला होता, कुणी म्हातारी. पण हे त्याला तेव्हा सुचलं नाही. त्याला आपली दुसऱ्यांदा मागितलेली बुंदी आठवली आणि तोंडातली सुपारी कडू लागली.

मग त्याला सारजा दिसली. पदर खोचून ती पोळपाटाशी बसली होती. नव्या लुगड्याला पीठ लागलं होतं.

"चल की," तो हळूच म्हणाला. "तळं बघून यिऊ."

तिनं मान वर केली नाही. "तुळजाला घिऊन जा."

"आन तू? जेवलीस का?"

लाटणं थांबलं. ती इतकं हळू बोलली की त्याला वाकावं लागलं. "आवतन घरटी एक हुतं. तुमी पावणं. आमी न्हाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"नवरदेवाच्या आत्यानं. सरळच सांगितलं बिचारीनं, तिला काय ठावं." तिनं पोळी उचलून तव्याकडं दिली. "तुमी मला नुसतं सांगायचं हुतं. म्या घरी ऱ्हायले असते. पुढच्या सुट्टीत म्हणला असता तरी चाललं असतं. आता जावा. पोरीला तरी दावा."

नवरीची आई तेवढ्यात येऊन म्हणाली, "ह्या बाई नवऱ्याकडच्या असून कामाला बसल्या बघा. असं माणूस मिळाय नशीब लागतं." सारजानं पुढची पोळी लाटायला घेतली. बब्रुवानला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कोर्टात चोरांना पिंजऱ्यात उभं राहिलेलं त्यानं रोज बघितलं होतं, पण त्यांना निदान समोर साहेब असतो. इथं शिक्षा सुनावणारं कुणी नव्हतं, आणि त्याच्या वाटणीचं देणं दुसरीच कुणी तरी पोळ्या लाटून फेडत होती.

तो तुळजाला घेऊन तळ्यावर गेला. पोरगी पायऱ्या उतरली, चढली, माशांना लाह्या टाकल्या, देवळात घंटा वाजवायला त्याच्या खांद्यावर बसली. त्यानं तिला सगळं करू दिलं. त्याला स्वतःला काही दिसलं नाही. पाण्याकडं बघितलं की धूर दिसायचा.

"आय का न्हाय आली?" तुळजानं विचारलं.

"तिला काम हाय," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

त्या रात्री सारजा नवरीच्या आईबरोबर सगळ्यांच्या शेवटी भात-आमटी जेवली असं त्याला कळलं. पहाटेच ट्रक परत निघाला. वाटेत सारजानं तुळजाला मांडीत घेतलं आणि विचारत बसली. पायऱ्या किती रुंद होत्या, देवळात जायला वाट कशी होती, पाण्याला वास होता का. पोरगी सांगत गेली, कंटाळली, तरी ती विचारत राहिली. बब्रुवानला वाटलं, पोरीचा वेळ जावा म्हणून बोलते आहे. त्याच्याशी ती वाटेत एवढंच बोलली, "गाठोडं सरकवा."

संध्याकाळी शेजारची शरिफाबी आणि आणखी दोघी-तिघी ओट्यावर जमल्या. सोलापूर करून आलेली बाई आळीत दुसरी नव्हती. बब्रुवान आत बसला होता, त्याला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"आता सांग बाई तळं," शरिफाबी म्हणाली. "जाऊन बघणारी तू पैली."

आता सगळं उघडं पडणार होतं, आणि पडावं असंही त्याला वाटलं. एकदाचं झालं असतं.

सारजा सांगू लागली. पायऱ्या कशा रुंद आहेत, माशांचा घोळका लाह्यांवर कसा तुटून पडतो, देवळाची सावली पाण्यात कशी हलते, तळ्याचा दुसरा काठ कसा दिसतच नाही. थंड दगडावर पाय ठेवल्यावर कसं वाटतं तेही तिनं सांगितलं. कुठं अडखळली नाही.

"ह्यांनी समदं फिरून दाखिवलं," ती म्हणाली. "पाय दुखले तर बसू बी दिलं."

"नशीबवाली हैस," शरिफाबी म्हणाली. तिनं आत डोकावून हाक मारली. "बब्रुवान भाऊ, खरंच तळ्याचा दुसरा काठ दिसत न्हाय का?"

बब्रुवान उठून दारात आला. सगळ्या बायका त्याच्याकडं बघत होत्या, सारजा सोडून. त्याला मान वर करता येईना.

"म्या एवढं नीट न्हाय बघितलं," तो म्हणाला. "तिलाच इचारा."

सारजानं पदर सारखा केला, शरिफाबीला बसायला थोडी जागा करून दिली, आणि देवळाच्या कळसावर उतरतं ऊन कसं पडलं होतं ते ती सांगू लागली.