सहा पिल्लं

चिमट्यात धरलेली माशी त्याने प्रार्थनाकीटकाच्या मादीच्या तोंडापाशी नेली आणि श्वास रोखला. मादीने आपलं त्रिकोणी डोकं वळवून आधी माशीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि उपकार केल्यासारखी माशी काटेरी पायांत धरली.

"खातेय," त्याचा साडू म्हणाला.

"दिसतंय मला."

"नाही, म्हणजे छान खातेय."

त्याने डोळे मिटले. तो लिफ्ट तपासनीस होता. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसांबरोबर शांत उभं राहायची त्याला सवय होती. साडू दातांचा डॉक्टर होता. समोरच्याचं तोंड कायम उघडं असल्यामुळे उत्तराची वाट न बघता बोलत राहायची त्याला सवय होती.

मागच्या खोलीत टेबलावर कुंडीतलं झुडूप होतं आणि झुडपाच्या फांदीला उलटी लटकलेली मादी. तिच्या मागे वीतभर अंतरावर साडूने बरणीतून आणलेला नर. सकाळपासून तो जागचा हलला नव्हता. मादीने मान वळवली की तो वाळकी काडी व्हायचा आणि तिने मान फिरवल्यावरही बराच वेळ काडीच राहायचा.

या प्रार्थनाकीटकांचा वंश तपासनीसाने स्वतःच्या हाताने वाढवला होता. त्यांच्या खाण्यासाठी माशा पैदा केल्या, झुरळं पाळली. "लोक झुरळं मारायला माणूस बोलावतात, आमच्याकडे त्यांना गाजर किसून घालतात," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आता सगळं या एका मादीवर येऊन ठेपलं होतं. तिने एकदा अंड्यांची पिशवी घातली होती. ती पोकळच निघाली, कारण नराशी गाठच पडली नव्हती. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर कारभार आटोपला. त्याच्याकडच्या तीन नरांपैकी दोघांना त्यांच्याच बहिणींनी खाल्लं आणि तिसरा कात टाकताना वाकडा झाला.

"आमच्या पठ्ठ्याला भूक नसेल," साडू म्हणाला.

"त्याला इथे जेवायला नाही आणलेलं."

"ते आलं लक्षात. पण आमच्या पेशंटांचंही असंच असतं. खुर्चीपर्यंत येतात, मग बाहेर जाऊन फोन करून येतो म्हणतात."

"साडूभाऊ, हळू बोला. हातही हलवू नका."

"बरं, बरं."

हा माणूस कॅरमला बसला तो आठवड्यात सगळ्यांना हरवायला लागला. फोटो काढायला लागला तर त्याच्या फोटोला बक्षीस मिळालं. काही महिन्यांपूर्वी या खोलीत येऊन "मलाही द्या ना दोनचार पिल्लं" म्हणाला, तेव्हा तपासनीसाने मन मोठं करून सहा दिली होती. त्याआधी दार लावून, भिंग घेऊन, एकेका पिल्लाच्या पोटाखालचे पट्टे मोजले होते. मादीचे कमी असतात, नराचे जास्त. सहाही नर दिले होते. पाळ म्हणावं हवे तेवढे.

त्यातला हा शेवटचा. पंखांच्या कडा विरल्या होत्या, एक मिशी अर्धी तुटलेली. त्याच्यासाठी तपासनीसाला साडूला फोन करावा लागला होता आणि साडूने दवाखाना बंद ठेवून बरणी मांडीवर घेऊन यायचं कबूल केलं होतं. एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. त्याचाच जास्त राग येत होता.

"अहो, झालं का त्या नाकतोड्यांचं?" बायको दारातून म्हणाली. "डॉक्टर, कॉफी ठेवू?"

"नाकतोडे नाहीत ते," तपासनीस दातांवर दात ठेवून म्हणाला. "आणि आत येऊ नकोस."

"ठेवा ताई," साडू म्हणाला. "साखर कमी."

दार लागलं. दाराच्या हवेने झुडूप हललं, आणि पानं हलत असतानाच नर पुढे सरकला. एक पाऊल, दुसरं. तपासनीसाने दुसरी माशी मादीला दिली. नर आता तिच्या शेपटाशी होता. मग पंख फडकले आणि तो तिच्या पाठीवर होता.

नराचं पोट वळलं, चाचपडलं, घसरलं, पुन्हा वळलं आणि एकदाचं जुळलं.

"वा," साडू पुटपुटला.

"आता तासन्‌तास असेच राहतील. तिचं तोंड रिकामं राहता कामा नये, नाहीतर त्यालाच खाईल."

तपासनीसाने तिसरी माशी चिमट्यात धरली. मादी दुसरीचा शेवटचा पाय चघळत होती.

"साडूभाऊ," मान न वळवता साडू म्हणाला. त्याचा आवाज आज पहिल्यांदाच खरंच हळू होता. "ती सहा पिल्लं. सगळे नरच होते."

चिमटा हवेत थांबला.

"पोटाखाली पट्टे असतात ना, ते मोजले मी. आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत ते."

"म्हटलं, तुमच्याकडून चूक झाली असेल."

वीस वर्षांत तपासनीसाने पास केलेली एकही लिफ्ट अडकली नव्हती. तो हे लग्नकार्यात, बारशात, कुणी न विचारता सांगत असे. सासऱ्यांच्या तेराव्यालाही सांगितलं होतं. साडू वाट बघत होता. घाई नव्हती त्याला.

"हो," तपासनीस म्हणाला. "चूकच झाली."

"होतं असं."

एवढंच म्हणून साडू पुन्हा कुंडीकडे बघायला लागला. तपासनीसाने चिमटा घाईने पुढे नेला. माशी चिमट्यातून सुटली आणि भिरभिरत खिडकीच्या काचेवर जाऊन बसली. मादीचे पाय रिकामे झाले होते. तिने ते नीट पुसले, मग डोकं हळूहळू मागे वळवलं, खांद्यावरून, जिथे नर होता तिथे.

साडूने माशांच्या डबीतून एक माशी उचलली, वाकला आणि मादीच्या जबड्यासमोर धरली. तिने डोकं परत पुढे आणलं.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "मी धरतो."

तपासनीस बसला. साडूचा हात जरासुद्धा हलत नव्हता.