होडी की पाळणा?

मालकीणबाई दवाखान्यातून परत येणार नाहीत, हे घरात कळले त्या सकाळी मी त्यांच्या शिवणाच्या टेबलावर अर्धा उलगडून पडलो होतो. माझ्यात त्यांची सुई तशीच टोचलेली होती. लेक एकटीच दारातून आत आली.  बाईंसाठी काढून ठेवलेला कप मालकांनी उचलला आणि परत फडताळात ठेवला.

मित्रांनो, मी एक जुना, हाताने विणलेला लोकरी गालिचा आहे. माझ्यावर एक घर आहे, शेळ्या आहेत, एक झाड आहे आणि झाडाखाली तपकिरी, बाकदार असे काहीतरी आहे. ते काय आहे, हे मलाही ठाऊक नव्हते. स्वतःचे तोंड कोणाला दिसते? मेंढीच्या अंगावरची ऊब आठवते, रंगाचे कढत पाणी आठवते. मुलूख मात्र आठवत नाही.

बाईंनी मला जुन्या बाजारातून आणले. मालक म्हणाले, "पाय पुसायला बरा आहे." बाईंनी मला जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर लावले. तेव्हापासून ताटे मांडली की वाद सुरू.

"अहो, तो पाळणा आहे. गालिचा डोंगरातला आहे."

"होडी आहे ती. नदीकाठचा माल. पाळणा म्हणतेस, तर दोऱ्या कुठायत?"

"कसरीनं खाल्ल्या."

"वा! कसरीनं नेमक्या दोऱ्याच खाल्ल्या!"

"तुमच्या डोक्यात खायला काही मिळालं नसेल, म्हणून आली असेल माझ्या दोऱ्यांवर."

मी भिंतीवर सुखात होतो. माझे गाव कोणते, असे मला आजवर कोणी विचारले नव्हते. इथे माझ्यावरून रोज भाजी गार होत होती.

शेवटी बाईंनी संग्रहालयातल्या तज्ज्ञबाईंची वेळ घेतली. जाण्याआधी मला नीट करावे म्हणून खाली उतरवले. एक दोरी विणून झाली आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले.

ठरलेला दिवस आला तेव्हा मालकांनी मला बाईंच्या शालीत गुंडाळले आणि लेकीबरोबर संग्रहालयात नेले. पोचताच त्यांनी सांगून टाकले, "ही दोरी माझ्या बायकोनं घातलीय. तिला पाळणा हवा होता. ही हिशेबात धरू नका."

तज्ज्ञबाईंनी भिंग लावून माझी कड पाहिली. "ताण्याचे, म्हणजे उभे धागे सुती नाहीत, लोकरीचे आहेत. एक काळा, एक पांढरा, असा पीळ घातलाय. मेंढ्या घेऊन डोंगर चढणाऱ्या लोकांत ही पद्धत असते. पण एवढ्यावरून ठाम सांगता येत नाही."

मग त्यांनी मला उलटे केले आणि बराच वेळ वाकून राहिल्या.

"इकडे या. जुन्या धाग्याची ही टोकं दिसतात? वरून झिजलीत, मागं उरलीत. तुमच्या बायकोनं एकेक टोक शोधून त्यावरूनच नवा धागा नेलाय. मनानं काही घातलेलं नाही. दोरी मुळात होतीच."

"म्हणजे?"

"म्हणजे झाडाला टांगलेला पाळणा. आणि गालिचा डोंगरातल्या मेंढपाळांचा. कोणत्या खोऱ्यातला, ते मात्र सांगता येणार नाही."

मालक हसले. "बघ," ते लेकीला म्हणाले, "गेली तरी वाद जिंकलीच." मग ते चष्मा पुसत बसले. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दुसरी दोरी आम्ही घालून देऊ?" तज्ज्ञबाईंनी विचारले.

"नको. घरी होईल."

मित्रांनो, मला विणणारे हात कोणाचे होते, हे आता कळायचे नाही. पण माझ्या पाठीवर बोट फिरवून माझा मुलूख शोधणारे हात मला मिळाले, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला झटका, ऊन दाखवा आणि कधीतरी उलटून बघा.

मी पुन्हा शिवणाच्या टेबलावर आहे. मालक लेकीकडून टाका शिकत आहेत, सध्या जुन्या मोज्यावर. बाईंची सुई माझ्यात तशीच आहे. पाळण्याची दुसरी दोरी घालायची राहिली आहे.