जाकीटवाला कुत्रा

सुपरमार्केटच्या दारात एक काळा कुत्रा आडवा पसरला होता. तो कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्या तोमे गावाचा होता. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी जुन्या स्वेटरची बाही कापून त्याच्या अंगात चढवली होती, तिचे दोरे अजून पोटाखाली लोंबत होते. माणसं त्याला ओलांडून आत जात होती, बाहेर येत होती. दारावरच्या रखवालदाराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचा हात आडवा आला तो यास्नाच्या कुत्र्यापुढे, कोर्चोपुढे.

"कार्ड?"

"मदतनीस कुत्र्याच्या कार्डाची आजच परीक्षा आहे त्याची, कोन्सेप्सिओन शहरात," यास्ना म्हणाली. "पास झाला की मिळेल."

"मग पास झाल्यावर या, बाई."

"आणि हा?" यास्नाच्या मुलीने, रायेनने, काळ्या कुत्र्याकडे बोट केलं. ती सहा वर्षांची होती आणि तिला दोन्ही बाजूंना सारखं माप लागायचं.

"हा इथलाच. त्याने कुठे जाकीट घातलंय?" रखवालदार हसला. "जाकीट घातलं की कायदा मागे लागतो, पोरी. माझंच बघ ना." त्याने आपल्या गणवेशाची कॉलर ओढून दाखवली.

रायेन खिदळली. यास्नालाही हसायला हवं होतं. ओठ हलले, पण हसू मध्येच कुठेतरी राहून गेलं. हल्ली असंच व्हायचं. तिला फक्त रसाचा एक खोका घ्यायचा होता. पिशवीत तीन खोके होते, साखरेच्या पुड्या होत्या, मधाची बाटली होती, तरी आणखी एक असावा असं तिला वाटत होतं. तो न घेताच ती बसथांब्याकडे वळली. कोर्चो लाल जाकिटात तिच्या गुडघ्याला लागून चालत होता, मान सरळ, नजर समोर. काळ्या कुत्र्याने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

कोर्चो म्हणजे बूच. तोही असाच गल्लीतला, पिवळट, कानाचं एक टोक फाटलेला. शेजारच्या दोन्या एल्सिराच्या, म्हणजे एल्सिराबाईंच्या, पायरीवर तो वाढला. रायेन चार वर्षांची असताना तिची साखर वाढत गेली, इस्पितळ झालं, इन्सुलिन सुरू झालं आणि मग उलटाच धोका घरात येऊन बसला: साखर एकदम उतरायची. पोर खेळता खेळता गप्प व्हायची, घामाने भिजायची, दोनदा तर शुद्ध गेली. दंडावर चिकटवायचं, साखर मोजत राहणारं यंत्र सरकारी इस्पितळातून मिळणार होतं, पण त्याची रांग लांब होती. तेव्हा दोन्या एल्सिराने कुठल्याशा कार्यक्रमात ऐकलं की कुत्र्याला वासावरून कळतं.

"हा घेऊन जा," ती म्हणाली होती. "नाहीतरी दिवसभर माझ्या भाकरीवर डोळा ठेवून असतो. तोच डोळा पोरीवर ठेवू दे."

यास्नाचा नवरा उत्तरेला तांब्याच्या खाणीत होता, पाळी संपली की यायचा, झोपायचा, जायचा. कुत्र्याला शिकवलं ते यास्नाने एकटीने. रायेनची साखर उतरली की तिच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवायचा, डबीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. मग ती डबी घरात लपवायची. कोर्चोने शोधून पंजा टाकला की वाळवलेल्या कलेजीचा तुकडा. ती विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेली, माशांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेली. धीर धरून एखादी गोष्ट शंभरदा करणं तिला जमत होतं. कोर्चो शिकला. एकदा रायेन सोफ्यावर चित्रं पाहत बसलेली असताना तो तिच्यापर्यंत गेला नाही, थेट स्वयंपाकघरात यास्नाकडे आला आणि तिच्या मांडीवर पंजा ठेवला. पोरीचं बोट टोचून पाहिलं तर साखर खरंच उतरत होती. त्या दिवशी यास्ना फरशीवर बसून त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली होती. त्यानंतर ती कधी रडली असेल तर तिला आठवत नव्हतं.

गेलं वर्षभर ती बालवर्गाच्या बाहेर एका बाकावर बसून होती. शाळा सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत. दाराच्या काचेतून रायेनची मान दिसायची, तेवढी पुरायची. पोरं तिला 'बाकावरची मावशी' म्हणायची, आणि येता-जाता तिच्याकडून बुटाची नाडी बांधून घ्यायची. आता मार्चात, उन्हाळ्याची सुट्टी संपली की, रायेन पहिलीत जाणार होती, दुसऱ्या इमारतीत, आणि मुख्याध्यापिकेने गोड आवाजात सांगून टाकलं होतं: "पहिलीत बाक नाही, यास्ना. कार्ड असलेला कुत्रा वर्गात बसेल. आई नाही." आणि कार्ड नसेल तर? तर रायेनने घरी शिकावं, कागद करून देऊ. रायेनने ते ऐकलं होतं. घरी येऊन तिने आपलं दप्तर पलंगाखाली खोल ढकलून ठेवलं, कुणी काढून घेऊ नये म्हणून.

परीक्षा एका व्यायामशाळेत होती. उन्हाळ्याची सुट्टी संपत आलेली, आत गरम रबराचा वास. तपासणाऱ्या बाईंचं नाव ओरियाना. पन्नाशीच्या, आखूड केस, बोलताना समोरच्याकडे न बघता कुत्र्याकडे बघणाऱ्या. सोबत त्यांचा एक मदतनीस होता, माउरो नावाचा.

पहिला भाग बाजारात झाला. कोर्चोला मासळीच्या गाड्यांमधून नेलं, तळणीच्या कढईजवळ बसवलं. माउरोने मुद्दाम गरम सोपाइपियाचा, तळलेल्या पुरीचा, तुकडा त्याच्या नाकासमोर पाडला. कोर्चोने लाळ गिळली आणि वर बघितलं. बाजारातली चार मोकाट कुत्री येऊन त्याला हुंगून गेली; एकाने तो तुकडा खाल्ला. तळणारी बाई म्हणाली, "हा कुत्रा आहे की पाद्री?"

"पाद्रीसुद्धा थांबत नाही गं तुझ्या कढईपुढे," ओरियाना म्हणाल्या, आणि कागदावर खूण केली. सगळ्या खुणा चांगल्या होत्या. यास्नाला ते दिसत होतं. आनंद व्हायला हवा, असं तिने स्वतःशी म्हणून पाहिलं.

व्यायामशाळेत परतल्यावर रायेनची साखर तपासली, ठीक होती. माउरोने फळीवर डब्यांची रांग मांडली, झाकणांना भोकं असलेल्या. बहुतेक डब्यांत साधा कापूस, एकीत रायेनचा बोळा. कुठल्या डबीत, ते कुत्रा नेणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियम. रायेन कोपऱ्यातल्या बाकावर पाय हलवत बसली.

यास्नाने कोर्चोला रांगेवरून नेलं. तो चौथ्या डबीशी थांबला, बसला, पंजा उचलला. ओरियानांनी मान हलवली. बरोबर.

डब्या बदलल्या. या वेळी कोर्चो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि यास्नाकडे पाहू लागला. परत नेलं. परत तेच, प्रत्येक डबीवर नाक, आणि पुढे.

"मागे न्या," ओरियाना म्हणाल्या. पुन्हा डब्या बदलल्या. कोर्चो रांगेतल्या दोन नंबरच्या डबीशीच धप्पकन बसला.

"बरोबर?" यास्नाने विचारलं.

ओरियाना उत्तर न देता माउरोशी हळू बोलल्या. मग आणखी एक फेरी. कोर्चो सगळ्या डब्या हुंगून शेवटाला गेला, वळला, आणि यास्नाच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. रायेनचं बोट पुन्हा टोचलं. साखर ठीक होती.

"बसा जरा," ओरियाना म्हणाल्या. "ज्यात तो बसला, ते बोळे तुम्ही पाठवलेले. ज्यांना त्याने विचारलंही नाही, ते शाळेच्या नर्सबाईंनी घेतलेले. दोन्ही साखर उतरल्यावरचेच. नर्सबाईंच्या परवानगीवर तुमची सही आहे."

असेल. ती हल्ली कशावरही सही करायची.

"तुम्ही बोळा कसा घेता? मला करून दाखवा." त्यांनी कापसाची गुंडाळी पुढे केली.

यास्नाने कापूस तोडला. तळव्यावर ठेवून दुसऱ्या तळव्याने वळला, वात वळावी तसा. मग मुठीत दाबला, म्हणजे पोरीच्या तोंडाला टोचत नाही. हात आपोआप चालत होते. अर्ध्यावर ते थांबले. ती त्या हातांकडे बघत राहिली.

"हातमोजे?"

"घरात आहेत," यास्ना म्हणाली. "पोर पांढरी पडलेली असते. तेव्हा मोजे कोण शोधणार?"

कारखान्याच्या प्रयोगशाळेत एका नव्या मुलीने मोज्यांशिवाय नमुन्याला हात लावला होता, तेव्हा यास्नाने तिला सगळ्यांसमोर रडवलं होतं. तिला त्या मुलीचं नाव आठवेना. ओरियानांच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं, एवढं मात्र तिला लख्ख दिसत होतं.

"हा नवा कापूस हातात धरा," ओरियाना म्हणाल्या. "पोरीची शुद्ध गेली होती ना, तो दिवस आठवा."

आठवायला काही लागलं नाही. तो दिवस तिथेच असायचा. तिच्या तळव्याला घाम आला. बाकी आत काहीच हललं नाही. माउरोने तो कापूस चिमट्याने उचलून डबीत टाकला, डबी रांगेत सरकवली आणि या वेळी कोर्चोला स्वतः घेऊन गेला. यास्नाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. मागे नखांचा टकटक आवाज आला आणि थांबला.

"बसला," रायेन म्हणाली. "आई, तो बसला. पास झाला?"

माउरोने पट्टा यास्नाच्या हातात परत दिला.

"कुत्रा हुशार आहे," ओरियाना म्हणाल्या. "मी पाहिलेल्या चांगल्यांपैकी एक. पण तो पोरीची साखर सांगत नाहीये, यास्ना. तुमची भीती सांगतोय. तुम्ही तीच शिकवलीत त्याला."

"पण घरी त्याने सांगितलं होतं. खरंच उतरली होती साखर."

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

स्वयंपाकघरात. भांडी घासता घासता तिने सोफ्यावरच्या आवाजाकडे कान लावलेला. पोर बराच वेळ हसली नव्हती. यास्नाचे हात फेसात थांबले होते, आणि मग कोर्चो आला होता. मग ती दुसरी वेळ. तेव्हाही ती दारात उभी होती. आणि तिसरी. प्रत्येक वेळी आधी तिला कळलं होतं आणि मग कुत्र्याला.

"वर्गात तुम्ही नसणार," ओरियाना म्हणाल्या. "तिथे तो कुणाचा वास घेणार? मी कार्ड नाही देऊ शकत. पुन्हा शिकवा. बोळे दुसऱ्या कुणीतरी घ्यायचे, मोजे घालून. आणि तुमच्या मांडीवर पंजा ठेवला, तर काही द्यायचं नाही. कितीही केविलवाणा झाला तरी. हे सगळ्यात आधी. हिवाळ्यात परत या."

"शाळा मार्चात आहे," यास्ना म्हणाली.

"माहीत आहे मला."

त्यांनी नकाराचा कागद दिला. यास्नाने सही केली.

बाहेर ऊन पडलं होतं. रायेन कोर्चोचा पट्टा धरून पुढे चालत होती. कोपऱ्यावर तिने विचारलं, "मग मी घरी शिकायचं?"

"हिवाळ्यापर्यंत."

"आणि तू कुठे बसणार?"

यास्नाने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. रायेन म्हणाली, "बोळा दोन्या एल्सिरा घेऊ शकेल. तिला कशाचीच भीती वाटत नाही."

"तिला दिसत नाही नीट."

"मग मी घेईन. माझंच तर तोंड आहे."

थांब्यावर तोमेची बस लागलेली होती. चालकाने खिडकीतून लाल जाकीट पाहिलं. "कार्ड आहे का, बाई? मागच्या महिन्यात कुणीतरी तक्रार केली, आता विचारायला सांगितलंय."

यास्ना खाली वाकली. पोटाखालचा पट्टा सोडला, जाकीट काढलं आणि घडी करून पिशवीत रसाच्या खोक्यांवर ठेवलं. कोर्चोने अंग झटकलं. आता तो फाटक्या कानाचा पिवळा कुत्रा होता, बाकीच्या सगळ्यांसारखा.

चालकाने एकदा पाहिलं आणि समोर नजर वळवली. "दाराजवळ बसवू नका म्हणजे झालं," तो म्हणाला. मागच्या सीटखाली आधीच एक कुत्रा झोपलेला होता. तो कुठे उतरायचा ते त्यालाच ठाऊक.

बस समुद्राच्या बाजूला वळली तशी रायेन झोपली, डोकं खिडकीला टेकून. यास्ना तिच्या कपाळाकडे पाहत होती. ओलसर होतं का? उन्हाने असेल. ओठ पांढरे दिसत होते का? खिडकीतून येणाऱ्या उजेडाने. तिने पिशवीतून सुई काढली, झोपलेल्या पोरीचं बोट टोचलं. रायेनने हात ओढून घेतला आणि झोपेतच काहीतरी पुटपुटली. आकडा आला. ठीक होता. यास्ना तो आकडा बघत राहिली, तो बदलेल की काय अशा नजरेने.

तिच्या गुडघ्यावर पंजा आला.

कोर्चो खाली बसून तिच्याकडे बघत होता, कान उभे, काम चोख केलेल्या कुत्र्यासारखा. तिचा हात सवयीने खिशात गेला. बोटांना कलेजीचा तुकडा लागला. तिने तो धरला आणि हात तसाच खिशात ठेवला.

कोर्चो थांबला. त्याने पंजा खाली घेतला, मान तिरकी केली, आणि परत तोच पंजा तिथेच, जरा जोरात ठेवला.

यास्ना समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली.