लीडरचा अडकलेला माइक

व्हर्लिनच्या रेडिओवरचा लाल दिवा आपोआप लागला आणि आपोआप विझला. व्हर्लिनचा अंगठा बोलायच्या खटक्याजवळ नव्हताच. त्याच्या एका हातात कॉफीचा कागदी पेला होता आणि दुसऱ्या हाताने तो हँडल धरून, मोटरसायकल पेट्रोल पंपावरून ढकलत मागे घेत होता.

आर्लिसने ते पाहिलं आणि ती जागीच थांबली. तिने टेलिफोन कंपनीत एकतीस वर्षं काढली होती, नेब्रास्काच्या वाऱ्यात खांबांवर चढून. आपोआप लागणाऱ्या दिव्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"व्हर्लिन, थांब. हँडल डावीकडे वळव बघू."

"का? उंदीर शिरलाय का गाडीत?"

"वळव तर."

त्याने वळवलं. दिवा लागला. उजवीकडे वळवलं, विझला.

"बघ," आर्लिस म्हणाली. "खटका न दाबता तुझी गाडी बोलायला लागते. हेल्मेटमधला माइक-स्पीकरचा संच नवा आहे ना? कुठल्या कंपनीचा?"

"जावयाने दिलाय. तीनशे डॉलरचा आहे." व्हर्लिनने हेल्मेट थोपटलं. "आणि प्लग कसा बसलाय बघ. खट्‌दिशी."

"प्लग बसला म्हणजे जमलं असं नसतं. बूट पायात गेला म्हणून तो तुझाच असतो का? प्लग सगळ्यांचे दिसायला सारखे, आत तारांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. तुझ्या नव्या संचात जी पिन एका कानाच्या स्पीकरची आहे, तीच आपल्या रेडिओत बोलायच्या खटक्याची आहे. हँडल वळलं की वायर ताणली जाते, आतलं काहीतरी टेकतं, आणि माइक उघडा पडतो. एकदा कायमचा टेकला तर तू एकटाच बोलत राहशील. तुला कुणाचं ऐकू येणार नाही आणि बाकी कुणाला तोंड उघडता येणार नाही. पाच मिनिटं दे. ती एक तार कापते. ऐकायला एक कान पुरतो, आणि बोलायला हँडलवरचा खटका आहेच तुला."

"दुकानदाराने सांगितलंय, सगळ्या गाड्यांना चालतो."

"दुकानदार घाट उतरणार नाहीये."

बाकीचे बघायला लागले होते. बॉइड, बसचा निवृत्त ड्रायव्हर, तोंडात सॅंडविच कोंबून म्हणाला, "सही करून टाक रे व्हर्लिन, हिने तुला ऑपरेशनला घेतलंय."

सगळे हसले, आणि तिथेच घोटाळा झाला. व्हर्लिन स्ट्राउड बावीस वर्षं या मंडळींचा लीडर होता. सहा गाड्या, सहा म्हातारे, प्रत्येक जुलैत एक दौरा, आणि पुढे कायम व्हर्लिन. त्याच्यापुढे कुणी चाक न्यायचं नाही हा नियम. ट्रकला ओलांडायचं तर त्याने रेडिओवर "मोकळं आहे, या" म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही हा दुसरा. अशा माणसावर पेट्रोल पंपावर हसलं, की तो तार कापू देईल होय? तो मान कापून देईल, तार नाही.

"बाई गं," तो म्हणाला, "मी गाडी चालवायला लागलो तेव्हा तू खांबावर लोंबकळत होतीस. चला, हेल्मेटं घाला." आणि नकाशाची पिशवी उचलून त्याने टाकीवर अशी ठेवली की रेडिओवरचा दिवाच झाकला गेला.

आर्लिसने स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच होता. तेवढ्यात गेलन, तिचा नवरा, जवळ आला. सहासष्ट वर्षांचा, शांत, भांडणाच्या वासानेही कासावीस होणारा माणूस. "सोड ना, आर्ली. दुपारनंतर वर गारा पडतात. बिगहॉर्नचा डोंगर चढून पलीकडे उतरायचंय. आणि सगळ्यांसमोर कशाला?"

तिने सोडलं. हट्टी माणसाच्या एकट्याच्या हट्टाने जगाचं फारसं बिघडत नाही. त्या हट्टाला "सोड ना" म्हणणारी चार भली माणसं लागतात, आणि ती नेहमी मिळतात.

क्रम ठरलेला होता. एकवर व्हर्लिन, मागच्या सीटवर त्याची बायको जोलीन. दोनवर गेलन, त्याच्या गाडीमागे तंबू आणि सामानाचा छोटा दोनचाकी ट्रेलर. तीन आणि चारवर दोघे ओलाफसन भाऊ. पाचवर बॉइड. सहावर, शेवटी, आर्लिस. शेवटच्याचं काम म्हणजे मागचं बघणं. मागून गाडी येतेय, कुणाची पिशवी सुटलीय, कुणाचा मागचा दिवा गेलाय, ते तो रेडिओवर सांगतो. बावीस वर्षांत या सवयीने एक चमत्कार केला होता. आरसे प्रत्येक गाडीला दोन-दोन, चकचकीत पुसलेले, आणि त्यात बघत कुणीच नव्हतं. मागचं शेपूट बघतंय ना? मग झालं.

चढ बरा गेला. रेडिओ अधूनमधून खरखरला, व्हर्लिनचा आवाज तुटत आला, "डावं वळण... खडी," बस. वर पठारावर आल्यावर वारा लागला. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना गवत, लांब कुठेतरी बर्फाचा पट्टा. पुढे सहा मैलांवर रस्ता एकदम खाली कोसळत होता, इतका की ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ करून ठेवले होते.

पहिल्याच मोठ्या डाव्या वळणावर रेडिओत फट्‌ असा आवाज झाला. आणि मग व्हर्लिन आला. मोठ्याने, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा. तो मागे बसलेल्या जोलीनशी बोलत होता.

"...ती बया सगळ्यांसमोर मला शिकवते. स्क्रूड्रायव्हर काय नाचवते. गेलनची कीव येते मला. त्या माणसाला घरात शिंकायला परवानगी लागत असेल."

आर्लिसला राग यायला हवा होता. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. टेकला. माइक कायमचा टेकला. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, तरी व्हर्लिनचा आवाज थांबेना.

तिने खटका दाबला. "व्हर्लिन, माइक उघडा आहे. वायर काढ." कानात नुसती शीळ वाजली. तिचं बोलणं त्याच्या आवाजाखाली चिरडलं गेलं.

आणि त्याच वेळी तिला धूर दिसला.

पातळ, निळसर, गवतावरच्या धुळीसारखा. गेलनच्या ट्रेलरच्या डाव्या चाकातून. तिने डोळे बारीक केले. चाक सरळ फिरत नव्हतं, दारू प्यायल्यासारखं आतबाहेर डुलत होतं. बेअरिंग जळत होतं. सपाट रस्त्यावर ट्रेलर निमूट मागे येत होता. पण सहा मैलांवर उतार होता. तिथे चाक निखळलं की ट्रेलर आडवा होणार, गाडीला झटका देणार, आणि गाडीवर गेलन होता.

चॅनल बंद पडलं तर काय करायचं हेही ठरलेलं होतं. सगळ्यांनी तेवीसवर जायचं. दर वर्षी जोलीन ते कागदावर टाइप करून वाटायची. आर्लिसने बटण फिरवलं. "तेवीसवर कोण आहे? गेलन? बॉइड? कुणीही?"

कुणी नव्हतं. चिटपाखरू नव्हतं.

कारण तिला लगेच कळलं, आणि कळल्यावर तिच्या तोंडून अशी शिवी गेली की चर्चमधल्या बायका तिच्याशी वर्षभर बोलल्या नसत्या. लीडर उघड्या माइकवर बायकोशी कुचाळक्या करतोय. असलं ऐकायला मिळत असताना चॅनल कोण बदलतो? सगळे कान टवकारून ऐकत होते. बॉइडचे खांदे तिला मागून दिसत होते. गदगदा हलत होते.

ती परत जुन्या चॅनलवर आली.

"...खरं सांगू का जोलीन," व्हर्लिन बोलत होता. आवाज खाली आला होता. "पंपापासून मला कुणाचंच काही ऐकू आलेलं नाही. कान बहिरे झालेत. पण आता थांबलो तर ती टवळी सगळ्यांसमोर तो प्लग उघडणार. घाट उतरू. खाली गेल्यावर बघू."

बॉइडचे खांदे हलायचे थांबले.

पाच मैल उरले.

आर्लिसने हॉर्न दाबून धरला. वारा, इंजिनं, आणि प्रत्येकाच्या कानात व्हर्लिन. हॉर्न कुणाला जाणार? तिने दिव्याची उघडझाप केली, पण आरशात बघणार कोण? आता उरला होता एकच उपाय, आणि तो नियमाबाहेरचा होता. शेपटाने शेपूट सोडायचं नाही. कधीच नाही.

तिने गाडी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला काढली आणि मूठ पिळली.

बॉइडच्या बरोबरीला आली. हाताने पुढे दाखवलं, ट्रेलरकडे, बोटांनी चाक फिरवून दाखवलं. बॉइडने तिच्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. जा, बडव त्याला! त्याला वाटलं, ऐकून हिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ही व्हर्लिनचा हिशेब चुकता करायला निघाली. ओलाफसन भावांनाही तेच वाटलं. धाकट्याने चक्क बाजू देऊन तिला वाट करून दिली.

समोरून एक पिकअप आली. आर्लिस भावांच्या मधे घुसली, पिकअपवाल्याने भोंगा वाजवत शिवी घातली, ती परत बाहेर पडली. धूर आता काळपट झाला होता. वास येत होता, जळक्या ग्रीसचा.

आणि मग गेलनने आरशात पाहिलं. आयुष्यात कधी नव्हे ते पाहिलं, आणि त्याला काय दिसलं? संतापलेली बायको, थेट लीडरवर चाल करून जाणारी. बिचारा गेलन. भांडण टाळण्यात त्याची हयात गेली होती. त्याने डावा हात खाली करून तळवा हलवला, शांत हो, शांत हो. आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकवून तिची वाटच अडवली.

"अरे मूर्खा!" ती हेल्मेटमध्ये ओरडली. डुलणारं चाक तिच्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर आलं.

पुढे, उजवीकडे, पाटी गेली. तीव्र उतार, दोन मैल.

दोन हात. तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. एकतीस वर्षांची नोकरी फुकट गेलेली नव्हती. व्हर्लिनला नेहमी अर्धा फर्लांग पुढे राहायची खोड. त्याचा आवाज गेलनपर्यंत येईतो जेवढा उरतो, त्याच्या कितीतरी पट जोर इथून, या अंतरावरून, तिच्या अँटेनाचा लागेल. शेवटून तिचं बोलणं चिरडलं जात होतं. इथून चिरडलं जाणार नाही. पण त्यासाठी जिथून पळावं त्याच चाकाला चिकटून राहायला हवं होतं.

ती चिकटून राहिली. खटका दाबला आणि आवाज अगदी खाली आणला, रात्री कुत्रा भुंकला की त्याला म्हणते तसा.

"गेलन. भांडायला आले नाही. ट्रेलरचं डावं चाक जळतंय. ब्रेकला हात लावू नको. नुसती मूठ सोड."

कानात शीळ. शिळेखाली व्हर्लिनची पुटपुट. तिने पुन्हा म्हटलं. तेच, त्याच आवाजात. मग तिसऱ्यांदा.

गेलनची पाठ ताठ झाली. त्याने मान वळवून मागे पाहिलं, आरशात नव्हे, मागे. आणि मूठ सोडली.

"असंच. सरळ राहा. पुढे उजव्या हाताला ट्रक थांबवायची जागा आहे. खडीवर हळू जा. वळवू नको. नुसता जाऊ दे."

उताराच्या तोंडावर, ट्रकवाले ब्रेक थंड करतात त्या मोकळ्या जागेत, गेलनची गाडी चालत्या माणसाच्या वेगाने शिरली. चाक त्याच वेळी सुटलं. ट्रेलरचा कोपरा खडीत रुतला, गाडी हिसका खाऊन कलंडली आणि गेलन गुडघ्यांवर पडला. चाक एकटंच पुढे गेलं. निवांत, रस्ता ओलांडून, कठड्याच्या फटीतून. खाली आपटल्याचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही, इतकं खाली होतं ते.

गेलन उठून बसला. आर्लिसने पट्टा सोडवून त्याचं हेल्मेट काढलं.

"सकाळी मी सोड म्हणालो," तो म्हणाला.

"म्हणालास."

"तू का सोडलंस?"

ती त्याच्या शेजारी खडीवर बसली. बॉइड आणि भाऊ आले, गाड्या लावल्या. बॉइडच्या गाडीच्या स्पीकरमधून व्हर्लिनचा आवाज येत होता, क्षीण होत चाललेला.

"उजवं वळण, घट्ट आहे... खडी आहे, सांभाळून या... छान. सगळे या मागोमाग."

त्याच्या मागे कुणीही नव्हतं. तो बावीस वर्षांच्या सवयीने रिकाम्या घाटाला रस्ता सांगत खाली चालला होता.

परत यायला त्याला पाऊण तास लागला. जोलीनने मागे वळून पाहिलं होतं, त्याने नव्हे. तो उतरला, मोडका ट्रेलर पाहिला, गेलनचे फाटलेले गुडघे पाहिले, आणि छाती काढून म्हणाला, "सांगायचं नाही का मला? रेडिओ कशाला दिलाय?"

बॉइड बोलला, आणि तो आता विनोद करत नव्हता. "तूच सांगत होतास व्हर्लिन. पंपापासून काही ऐकू येत नाही, आता थांबलो तर ती टवळी प्लग उघडणार, घाट उतरू मग बघू. सगळ्यांनी ऐकलं."

व्हर्लिनने बायकोकडे पाहिलं. जोलीन रस्त्याकडे बघत होती.

आर्लिस उठली. शिव्या तिच्या जिभेवर रांग लावून उभ्या होत्या. तिने त्या गिळल्या नाहीत, नुसत्या मागे ठेवल्या, त्यांची पाळी संध्याकाळी येणार होती. तिने हात पुढे केला. व्हर्लिनने हेल्मेट दिलं. तिने प्लगचा स्क्रू काढला, आत एका तारेचे केसासारखे धागे सुटून शेजारच्या पिनवर पसरले होते. तिने कटरने तार कापली. जेमतेम पाच मिनिटं लागली.

"ट्रेलर इथेच राहील. खालच्या गावातून माणूस पाठवू," ती म्हणाली. "पुढे बॉइड. त्याने तीस वर्षं शाळेची पोरं घाटातून नेलीत. गेलन माझ्यासमोर. व्हर्लिन, तू दोनवर."

"दोनवर?"

"जिथे गेलन होता तिथे. आणि आरशात बघत राहा."

जागच्या जागीच, तिरक्या रांगेत, गाड्या सुरू झाल्या. ढग आले होते, गारांचे. बॉइडने रेडिओवर हजेरी सुरू केली. "एक," तो म्हणाला आणि थांबला.

नुसती खरखर आली. आर्लिसचा अंगठा खटक्यावर होता, ती मोजत होती. एक सेकंद, दोन, तीन. त्याच्या टाकीवरची नकाशाची पिशवी आता नव्हती. मागूनही तिला दिसलं, लाल दिवा लागला.

"दोन," व्हर्लिन म्हणाला. दिवा विझला.