सातव्या घराचा चौकोन

सदतीस वर्षं मी टपाल वाटलं. कमरेएवढ्या बर्फात वाटलं, तापात वाटलं, आणि एकही पत्र पिशवीत परत आणलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना मला मान वर करता येणार नाही.

आमच्या वाडीत अकरा घरं. नगरपालिकेच्या सूचना एका फिरत्या पाटीवर अडकवून येतात. कागदावर अकरा चौकोन असतात. आपल्या चौकोनात आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी पोचवायची. सहावं घर वाडीप्रमुख कुवाबारांचं, सातवं तोमेकाकूंचं, आठवं माझं.

मागच्या वसंतात पाटीवर एक चार पानी मजकूर आला. डोंगरामागच्या खोऱ्यात कारखान्यांचा कचरा पुरायला वाडीची हरकत नाही, असं त्यात बारीक अक्षरांत होतं. कोणी वाचलं नाही. आमच्याकडे मजकूर वाचत नाहीत, वरचे शिक्के बघतात. सहा शिक्के दिसले की सातवा आपोआप उठतो. माझा आठवा होता.

तोमेकाकूंनीही मारला. पण दुसऱ्या महिन्यात महापौरांनी 'वाडीची संमती आहे' असं जाहीर केलं, तेव्हा त्या नगरपालिकेत गेल्या, चष्मा लावून चारही पानं वाचली आणि घरी येऊन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. वाचकांच्या पत्रांत ते छापून आलं, खाली नाव, गाव, वय एक्क्याऐंशी. 'मी न वाचता शिक्का मारला,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'माझ्या आधी सहा जणांनी मारला होता म्हणून मारला. ज्या ओढ्याच्या उगमाशी हा कचरा पुरणार, त्याच ओढ्याचं पाणी आमच्या भातखाचरांत येतं. महापौर जिला संमती म्हणतात ती संमती नव्हती, सवय होती.'

कुंपणापाशी मला म्हणाल्या, "पेपरातली पोरगी तीनदा विचारत होती, आजी, नाव छापलं तर चालेल ना? म्हटलं, बाई गं, नाव काढलंस तर ते मत कसलं? नुसती कुरकुर."

मी हसलो. बरं लिहिलंत, एवढं म्हणायचंही मला सुचलं नाही.

आठवड्याभरात कुवाबारा पाटी घेऊन थेट माझ्या दारात.

"मध्ये थांबलो नाही," ते म्हणाले. "काकू पेपरात लिहितात ना आता, त्यांना सगळं पेपरातूनच कळेल." मग बूट झटकत सहज विचारावं तसं विचारलं, "योइचीची बढती याच वर्षी ना हो?"

योइची माझा मुलगा. नगरपालिकेत कारकून आहे.

मी पाटी घेतली. सातवा चौकोन कोरा होता. आठव्यात शिक्का मारला. बायको, मित्सुए, आतून म्हणाली, "एवढ्याशा पाटीपायी पोराच्या पोटावर पाय देऊ नका."

उन्हाळा तसाच गेला. पाणी बंद राहणार असलं की मी कुंपणावरून हवापाण्याच्या गप्पांत ते घुसडून द्यायचो. मनाची समजूत पटायची. काकू सगळं ओळखून होत्या, पण त्यांनी मला कधी टोचलं नाही.

जानेवारीत सेत्सू गेली. तिसऱ्या घरातली. तोमेकाकूंची साठ वर्षांची जोडीदारीण, दोघींनी एकाच वाफ्यात रोपं लावलेली. शरद ऋतूपासून ती नागाओकाच्या इस्पितळात होती. मंगळवारी पाटी आली: गुरुवारी सकाळी दहाला शहरातल्या सभागृहात अंत्यविधी. मी पुढच्या तीन घरांना फोनवर कळवलं आणि पाटी चपलांच्या कपाटावर ठेवली. बुधवारी बर्फ पडत होता. काकूंना उद्या सांगू, म्हटलं. गुरुवारी काळा सूट घालून मागच्या वाटेनं गेलो, काकूंच्या खिडकीवरून जावं लागू नये म्हणून. गाडीत आम्ही नऊ जण होतो. त्यांचं नाव कोणी काढलं नाही.

आमचे आजे-पणजे फार क्रूर होते म्हणतात. कोणाला वाळीत टाकलं की त्याच्याशी दहातले आठ व्यवहार तोडत. पण दोन ठेवत. आग लागली तर पाणी आणि माणूस मेलं तर सोबत. आम्ही तेवढेही ठेवले नाहीत.

सहा दिवसांनी तोमेकाकू माझ्या दारात आल्या. हातात मुळ्याच्या लोणच्याची बरणी.

"शिगेरू, नागाओकाला जाणार आहेस का कधी? सेत्सूला दे. तिथलं जेवण तिला जात नाही म्हणे."

मला सांगावं लागलं.

त्या उंबऱ्यावर बसल्या. बराच वेळ बरणीचं झाकण हातानं पुसत राहिल्या.

"पाटी आली होती?"

"आली होती."

"किती दिवस होती तुझ्याकडे?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. "सदतीस वर्षांत माझं एक पत्र उशिरा आणलं नाहीस तू," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते सहन झालं नाही. बरणी तिथंच ठेवून त्या गेल्या. "आता तुम्हीच खा."

ते लोणचं आमच्या घरात कोणाच्या घशाखाली उतरलं नाही. मित्सुएनं बरणी कपाटात मागे सरकवली, आणि पोराच्या पोटाचा विषय पुन्हा काढला नाही.

मला तीन आठवडे लागले. मग योइचीला फोन केला आणि वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. आठवा शिक्का, कोरा चौकोन, ते दोन दिवस, सगळं त्यात होतं. तो म्हणाला, "वय बरोबर लिहा, बाबा. तुम्ही नेहमी एक वर्ष कमी सांगता."

परवा सकाळी पेपरातल्या मुलीचा फोन आला.

"व्यवसाय काय लिहू?"

"पोस्टमन होतो."

"नाव छापलं तर चालेल ना?"

"छाप."

तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा कुवाबारांनी सकाळी आणून दिलेली पाटी चपलांच्या कपाटावर होती. सेत्सूच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीची सूचना. सातवा चौकोन कोराच. मी बूट चढवले आणि पुढच्या वाटेनं, सगळ्या खिडक्यांसमोरून गेलो.

तोमेकाकूंनी दार उघडलं. पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उभा काय राहिलास? बर्फ येतोय घरात."

आत जाऊन त्या शिक्का घेऊन आल्या आणि पाटी मांडीवर घेऊन बसल्या. शिक्का हातातच होता. पण आधी त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचू लागल्या, एकेक ओळ, बोट फिरवत, अगदी खालपर्यंत. त्यांचं वाचून होईतो मी थांबलो.