आनसाक्काचं लुगडं

“दादा, कठड्यावर कपडे वाळत घालायला सक्त मनाई आहे,” टोलनाक्याच्या गस्तगाडीचा चालक बबन म्हणाला. “आणि ती पाटी तुम्हीच लावलीय.”

“ठावं हाय. गप बस गाडीत,” म्हणत हिंदुरावाने आनसाक्काचं हिरवं लुगडं महामार्गाच्या कठड्यावर पसरलं.

नाक्यावर त्याचं काम सोपं होतं. महामार्गावर जे नसावं ते काढायचं : फुटलेले टायर, मेलेली कुत्री, रवंथ करत बसलेल्या म्हशी. मागच्या वर्षी त्यात गावकऱ्यांनी दुभाजक फोडून केलेली पायवाटही आली. साहेब म्हणाले, “तूच बुजव. गावचा आहेस, शिव्या आपुलकीने पडतील.” तशा पडल्या.

त्याच वाटेने त्याची आई रोज पलीकडे आनसाक्काकडे जायची. चाळीस वर्षांची मैत्री. आता शंभर पावलांवरच्या घराला अकरा किलोमीटरचा वळसा, आणि आईचे गुडघे गेलेले. हाक मारावी तर मध्ये सहा लेन गरजत असायच्या. म्हणून आनसाक्का सकाळी कठड्यावर लुगडं टाकायची. ते दिसलं, की बाई अजून आहे असं समजायचं. मगच आई चहा घ्यायची.

सोमवारी आनसाक्का गेली. रडारड अलीकडे ऐकू आली नाही. त्या बाबतीत रस्त्याचा दर्जा उत्तम होता. आईचं काळीज नाजूक, म्हणून हिंदुरावाने आनसाक्काच्या सुनेकडून लुगडं मागून घेतलं. रोज सकाळी वळसा घालून तो ते टाकू लागला.

आज पाचवा दिवस. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती.

“हिंद्या, आनसी कधी गेली रं?”

तो बुटाची नाडी सोडत राहिला. “सोमवारी. कुणी सांगितलं?”

“कोन सांगतंय! ती तांबडा काठ माज्याकडं करून टाकायची. मंगळवारी बघितलं तर काठ पल्याड. दुभाजक एवढा सरळ बांधलास, आन् लुगडं टाकाया येईना?”

“मग रोज चहा कसा घेतलास?”

“तू येवढा वळसा घालून टाकतूस. मन मोडवंना तुजं.”

बूट भिंतीकडेला ठेवत तो म्हणाला, “उद्यापासनं न्हाई टाकत.”

“टाक की. काठ तेवढा हिकडं कर.”

दुसऱ्या दिवशी बबनने पाटीचा विषय काढला नाही. हिंदुरावाने तांबडा काठ रस्त्याकडे वळवला, हाताने सारखा केला आणि मान वर केली. दोन ट्रकांच्या फटीतून समोरच्या उंबऱ्यात आई दिसली. तिने कपातला चहा बशीत ओतला.